उंच इमारतीची धुलाई : पाण्याचा जोर, दोरी आणि आपला माल

व्यापारी बंधूंनो, दुकानाची पाटी आपण दर आठवड्याला पुसतो, सणाच्या तोंडावर काउंटरला रंगही देतो. परंतु ज्या इमारतीत आपली पेढी आहे तिच्या पाठीमागे उभे राहून मान वर करून किती जणांनी पाहिले असेल? आम्ही स्वतः वीस वर्षे पाहिले नव्हते. पाहिले ते 2018 साली, नुकसान झाल्यावर.

दक्षिण मुंबईत एका नऊ मजली व्यापारी इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचे कापडाचे गोदाम आहे. मुंबईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते. छज्जाखाली, खिडकीच्या चौकटीखाली आणि गच्चीच्या कठड्याखाली ओल धरते, शेवाळ व बुरशी येते आणि वर गाड्यांचा धूर बसला की भिंतीवर काळे ओघळ उतरतात. बाहेरगावचा गिऱ्हाईक टॅक्सीतून उतरला की प्रथम तेच पाहतो. म्हणून इमारतीच्या कमिटीने धुलाई करायचे ठरवले. तीन दरपत्रके आली. सर्वांत स्वस्त होते ते मंजूर झाले. त्या कागदावर आमचीही सही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पुढची बाजू रस्त्यावर असल्याने तिथे परांची बांधता आली. अडचण मागच्या बाजूची होती. तिथे जेमतेम सहा फुटांची हाऊस गल्ली, त्यात सांडपाण्याचे पाइप, एसीचे डबे आणि कबुतरांची घाण. क्रेन जाणार नाही, गोंडोला टांगायला जागा नाही. ठेकेदाराने गच्चीवरून दोरी सोडली, फळीचा झुला बांधला आणि एका मुलाला हातात प्रेशरची बंदूक देऊन खाली सोडले.

संध्याकाळी गोदाम उघडले तर खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून पाणी आत येऊन भिंतीलगत रचलेले कोऱ्या पॉपलीनचे 38 तागे भिजलेले. कापडवाल्याला सांगायला नको, कोरा माल घडीत ओला राहिला की दोन-तीन दिवसांत बुरशीचे ठिपके धरतो आणि ते पुढे रंगाईतही कधी कधी वर येतात. ठेकेदार म्हणाला, "सेठ, पाऊस पण तर पडतोच ना!" त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. आता सुचते. पाऊस भिंतीवरून खाली ओघळतो. मशीनचे पाणी भेगेत सरळ आत घुसते.

हिशोब पाहा. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. धुलाईची मशीन 150 बारने पाणी फेकते, म्हणजे सुमारे 2,175 पीएसआय. तोटी शून्य अंशाची, लाल रंगाची असेल तर सारा जोर एका टिंबावर येतो आणि कमजोर प्लास्टर कापले जाते. 40 अंशांची पांढरी तोटी तेच पाणी पंख्यासारखे पसरवते. भिंतीपासूनचे अंतर वाढले की जोर आणखी उतरतो. म्हणजे मशीनपेक्षा तोटी आणि अंतर यांचे महत्त्व जास्त. आमच्या भिंतीवर कोणती तोटी लावली होती, हे आमच्या कमिटीत एकानेही विचारले नव्हते.

"उंचावर प्रेशर जास्त लागते," असे सांगून दर वाढवणारेही भेटतात. दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब फक्त 1 बारने घटतो. नऊ मजल्यांना धरा 3 बार. दीडशेपैकी तीन गेले, इतकेच. त्यातही मशीन गच्चीवर ठेवून टाकीतून पाणी दिले तर तोही प्रश्न उरत नाही. मात्र लटकणाऱ्या पाइपाचे वजन इमारतीला बांधलेले असावे, माणसाच्या कमरेला नव्हे.

कारण त्या माणसावर आधीच दुसरा भार असतो. 150 बारच्या मशीनमधून मिनिटाला दहा लिटर पाणी निघत असेल तर बंदूक मागे साधारण तीन किलोचा धक्का देत राहते. जमिनीवर आपण पाय रोवून उभे राहतो. झुल्यावर बसलेला माणूस भिंतीपासून दूर जातो, फिरतो, पुन्हा भिंतीवर आदळतो. आम्ही त्या दिवशी खिडकीतून त्या मुलाला विचारले, "बेटा, दुसरी दोरी कुठे आहे?" तो म्हणाला, "चाचा, एकच आहे. रोज हीच असते." ती दोरी पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलेली होती. आम्ही काम थांबवले, पण तोवर अर्धी भिंत झाली होती आणि तो मुलगा पाच तास तसाच लटकत होता. 38 ताग्यांचा विषय आम्ही पुष्कळदा काढला. या पाच तासांचा फारसा काढला नाही.

हे काम नीट होऊ शकत नाही असे मुळीच नाही. अमेरिकेतील माउंट रशमोरचे डोंगरात कोरलेले अठरा मीटर उंचीचे चेहरे 2005 साली माणसांनी दोरीवर लटकूनच धुतले. गरम पाण्याने, रसायनाशिवाय.

2023 साली आमच्या इमारतीची पाळी पुन्हा आली तेव्हा आम्ही अटी लिहून घेतल्या. प्रत्येक माणसाला दोन दोऱ्या, एक बसायची आणि एक बचावाची. दोन्ही वेगवेगळ्या पक्क्या आधारांना बांधलेल्या. पूर्ण अंगाचा पट्टा. खाली गल्ली बंद आणि एक माणूस उभा. मजुरांच्या विम्याची प्रत आधी, आगाऊ रक्कम नंतर. जोराचा वारा असेल त्या दिवशी काम नाही. आधी भेगा व चौकटीचे सांधे भरायचे, मग एका कोपऱ्यात हातभर जागा धुऊन दाखवायची, आणि नंतरच वरून खाली यायचे. शेवाळाला जोर लावण्यापेक्षा औषध लावून थोडा वेळ थांबून हलक्या दाबाने धुणे बरे. ॲसिडला साफ मनाई, कारण त्याने संगमरवर, ॲल्युमिनियम खराब होते आणि काही ॲसिडे काचही खातात.

दर जवळपास दुप्पट पडला. तळमजल्याच्या एका भाऊसाहेबांनी हरकत घेतली की आमच्या मजल्याला दोरी लागतच नाही, आम्ही पैसे का भरावे? दोन बैठका त्यातच गेल्या. अखेर क्षेत्रफळाप्रमाणे वर्गणी ठरली आणि त्यांनीही भरली.

काम नोव्हेंबरात, अकरा दिवस चालले. आम्ही गोदामातला माल भिंतीपासून दीड फूट सरकवून लाकडी पाटांवर ठेवला होता. एकही तागा भिजला नाही. आता आमच्या गोदामात ती दीड फुटाची जागा कायम मोकळी असते.