हुंडी : कागद, दानपात्र आणि गुन्हा

तिरुमला येथे श्रीवेंकटेश्वराचे दर्शन झाल्यावर भाविक रोख रक्कम, सोने, दागिने ज्या पात्रात अर्पण करतात, त्याला ‘हुंडी’ म्हणतात. महाराष्ट्रातून यात्रेला गेलेल्या व्यापाऱ्याला हा शब्द ऐकून नवल वाटते. त्याच्या घराण्यात हुंडी म्हणजे कागद. त्या कागदावर पैसे मिळत. या हुंडीत पैसे टाकावयाचे असतात. तमिळमध्ये ‘उंडियल’ म्हणजे देवळातील दानपेटी, लहान मुलांचा गल्ला आणि सावकारी हुंडीसुद्धा!

व्यापाऱ्याची हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली लेखी आज्ञा : अमुक रक्कम अमुक माणसास द्यावी. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनंतर द्यावयाचे ती मुदती. धनीजोग हुंडीचे पैसे धन्यालाच मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच देता येत, त्यामुळे हुंडी चोरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नसे. जोखमी हुंडीची रचना तर विशेष चतुर होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. बुडाला तर नाही. कर्ज आणि विमा एकाच कागदावर! हुंडी हरवली तर ‘पैठ’, तीही हरवली तर ‘परपैठ’ लिहून मिळे. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीस ‘खोखा’ म्हणत. (आजच्या बोलीतील ‘खोक्या’शी त्याची गल्लत करू नये.) ही व्यवस्था इतकी रुळलेली होती की १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने पहिल्याच कलमात देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या.

मराठीत या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. हुंडी करून देण्याचा आकार म्हणजे ‘हुंडणावळ’. पुढे मराठी वृत्तपत्रांनी रुपया आणि पौंड यांच्या विनिमयदरासाठी हाच शब्द वापरला. जकातीसह सर्व खर्च अंगावर घेऊन माल पोहोचविण्याचा मक्ता घेणारा तो ‘हुंडेकरी’. त्या मक्त्यालाही ‘हुंडा’ म्हणत. आज तो शब्द उच्चारताच लग्नातील देवघेव आठवते. एका चांगल्या व्यापारी शब्दाचे हे दुर्दैवच म्हणावे लागेल.

भक्तिपरंपरेनेही हुंडी आपलीशी केली. जुनागढचे नरसी मेहता यांनी द्वारकेच्या यात्रेकरूंकडून सातशे रुपये घेतले आणि श्यामलशा शेठच्या नावे हुंडी लिहून दिली; ती साक्षात श्रीकृष्णाने पटविली, अशी कथा आहे. जैन वाङ्मयात उपाध्याय यशोविजयजींचे दीडशे गाथांचे वीरस्तुतिरूप स्तवन ‘हुंडीचे स्तवन’ म्हणूनच ओळखले जाते. त्यात आगमांचे दाखले ओळीने मांडले आहेत. सावकार ज्या पेढीच्या भरवशावर हुंडी लिहितो, तसाच येथे आगमांचा भरवसा, असे म्हणता येईल.

मात्र शास्त्रातील प्रत्येक ‘हुंड’ पेढीवरचा नाही. नामकर्माच्या विवेचनात येणारे ‘हुंडक संस्थान’ म्हणजे बेडौल शरीररचना. दिगंबर ग्रंथांतील ‘हुंडावसर्पिणी’ म्हणजे नियमाबाहेरच्या, अघटित गोष्टी घडणारा अवसर्पिणी काळ. येथील ‘हुंड’चा अर्थच विकृत, बेढब असा आहे. पाठशाळेत शिकणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाने या शब्दांचा संबंध आजोबांच्या चोपडीशी जोडला, तर त्याला हसू नये. उच्चार तोच आहे.

खरी अडचण सीमेपलीकडे येते. बांगलादेशात आणि नेपाळात ‘हुंडी’ म्हणजे बँकेला वगळून परदेशातून चोरवाटेने पाठविलेला पैसा, आपल्याकडे ज्याला हवाला म्हणतात तो. तेथे तो गुन्हा आहे. भारतात हुंडी हा आजही कायदेशीर दस्तऐवज आहे. परंतु काळ्या पैशाच्या संशयातून तीही सुटली नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात पुढे कलम ६९-ड घालण्यात आले. हुंडीवर घेतलेली किंवा फेडलेली रक्कम अकाउंट पेयी चेकने दिली-घेतली नसेल, तर ती रक्कम घेणाऱ्याचे किंवा फेडणाऱ्याचे उत्पन्नच मानावी, असे या कलमाने ठरविले. ज्या कागदावर पूर्वी केवळ नावाने लाखांचा व्यवहार होई, तेथे बँकेची साक्ष आवश्यक ठरली.

म्हणून आजोबांच्या चोपडीतील ‘ढाक्यावर हुंडी केली’ ही नोंद तरुण व्यापाऱ्याने अभिमानाने वाचावी. परंतु आज ढाक्याच्या खरेदीदाराला पत्र लिहिताना तो शब्द टाळावा. ‘बँकेमार्फत बिल’ एवढेच लिहावे. तेथील अधिकाऱ्याच्या हाती ते पत्र पडले, तर त्याला शहाजोग आणि धनीजोग यांतील फरक समजावून सांगण्याची संधी मिळेलच असे नाही.