सोलापूरची शिरगणती

एखाद्या शहराची लोकसंख्या वाढली असे आपण सहज बोलून जातो. परंतु ती पाळण्यांनी वाढली की वाटांनी, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. सोलापूरपुरते उत्तर असंदिग्ध आहे. हे शहर वाटांनी वाढले.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने या जिल्ह्याची काय दशा केली, हे जुन्या खानेसुमारीच्या दोन आकड्यांवरून समजते. १८७२ साली जिल्ह्याची वस्ती सात लक्षांच्या वर होती. १८८१ साली ती ५,८२,४८७ भरली. नऊ वर्षांत लक्षावर माणसे एक तर मृत्युमुखी पडली, नाही तर परागंदा झाली. आणि नेमक्या याच संकटकाळात, १८७७ साली, सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. पुढे ती ‘जुनी मिल’ याच नावाने प्रसिद्ध पावली. आगगाडी तर १८६० सालीच येऊन पोहोचली होती. शेत करपलेल्या कुणब्याला गिरणीच्या भोंग्यात भाकरीची हाक ऐकू आली असल्यास नवल नाही. मागाहून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. १९०१ साली शहरात ७५,२८८ माणसे होती. १९४१ च्या मोजणीत तो आकडा दोन लक्षांच्या पलीकडे गेला.

ही माणसे एका दिशेने आली नाहीत. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचा पूर्व भाग त्यांच्या मागांच्या खटखटीने भरून गेला. सोलापुरी चादर म्हणून जी आपण कौतुकाने पांघरतो, तिच्या कीर्तीत या तेलुगू घरांचा वाटा फार मोठा आहे. कानडीची गोष्ट मात्र निराळी. तिला येथे ‘बाहेरची’ म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या सिद्धरामेश्वरांना आपण ग्रामदैवत मानतो, त्या बाराव्या शतकातील सत्पुरुषाची वचनेच मुळी कानडीत आहेत. उर्दू बोलणारी घरेही येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

आता अशा शहरात गणनाधिकारी दाराशी येतो आणि मातृभाषा विचारतो, तेव्हा काय घडते? ओसरीवर बसलेले घरातील वडील माणूस ‘मराठी’ असे एकच उत्तर देते, आणि सर्व कुटुंबाच्या नावापुढे तेच लिहिले जाते. नियम असा नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती; आई बाळपणीच निवर्तली असेल तर त्या घरात मुख्यत्वे बोलली जात असे ती. पाळण्यातील मुलाची व मुक्या माणसाची मातृभाषा, त्याची आई बोलते ती. म्हणजे धारवाडहून आलेल्या सुनेची कानडी ही स्वतंत्र नोंद होय. सासरी येऊन चाळीस वर्षे झाली म्हणून ती बदलत नाही. मातृभाषेखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषांनाही तक्त्यात जागा असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. (आग्नेय आशियातील सिंगापुरात पुष्कळ काळ याच्या उलट प्रकार होता. तेथे मुलाने शाळेत कोणती ‘मातृभाषा’ शिकायची हे बापाच्या वंशावरून ठरे! नाव मातेचे आणि हुकूम पित्याचा.)

भाषेप्रमाणेच स्त्रियांच्या कामाचे होते. पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पाने भिजविणे, कातरणे, तंबाखू भरून वळणे, असा त्यांचा दिवस जातो. तरीही ‘बायको काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देणारे महाभाग आहेत. आपल्या पांढरपेशा घरांनी यावर हसू नये. शिकवण्या घेणारी वहिनी किंवा पापड-मेतकुटाच्या मागण्या पुरविणारी आत्याबाई आपणही याच ‘घरीच असते’ मध्ये बसवितो. स्वतःच्या घरचा स्वयंपाक तक्त्याच्या हिशेबी ‘काम’ नव्हे हे खरे. पण विकण्यासाठी केलेली वस्तू आणि दाम घेऊन दिलेली विद्या ही निःसंशय कामे आहेत.

गिरण्यांचे पुढे काय झाले ते सोलापूरकरांस सांगावयास नको. जुनी मिल गेली, मागोमाग इतरही बंद पडल्या. १९९१ साली शहराची वस्ती ६,०४,२१५ होती. १९९२ साली हद्द वाढली, म्हणून २००१ चा आकडा एकदम ८,७२,४७८ झाला. यातील पुष्कळशी वाढ ही केवळ सीमारेषा सरकल्याची होय. तेथून २०११ पर्यंत मजल गेली ती ९,५१,५५८ पर्यंतच. दहा वर्षांत शेकडा नऊ. त्याच अवधीत महाराष्ट्र शेकडा सोळाने वाढला. एक गोष्ट येथे ध्यानात धरली पाहिजे. विडीकामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली झाली ती कुंभारी गावच्या हद्दीत. तेव्हा शहराची ही माणसे शहराच्या आकड्यात उतरलीच नाहीत.

पण मुख्य कारण आपल्या घरांतच आहे. पूर्वी ज्या वाटेने माणसे आली, त्याच वाटेने आता मुले पुण्यास जातात. २०२१ ची शिरगणती महामारीमुळे लांबली. ती २०२७ साली होईल असे सरकारने जाहीर केले असून तीत जातीचीही नोंद व्हावयाची आहे. त्या वेळी आजी मोठ्या मायेने सर्व नातवंडांची नावे सांगू लागेल. गेल्या खेपेचा नियम असा होता की, गणनेच्या संपूर्ण मुदतीत जो घरी नाही, त्याचे नाव त्या घरात धरावयाचे नाही. तो जेथे राहतो तेथे मोजला जाईल. ‘अहो, त्याचे ताट अजून येथे आहे,’ असे आजी म्हणेल, आणि गणनाधिकाऱ्यास ते नाव गाळून पुढे जावे लागेल.