वेस्टर्न चित्रपटांची स्मरणीयता : 'शोले'च्या संदर्भात

प्रस्तावना :
'वेस्टर्न' ही संज्ञा सर्वच पाश्चात्त्य चित्रपटांना लागू होत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात नव्या वसाहती होत असताना कायद्याचे राज्य तेथे पुरते पोहोचले नव्हते. त्या काळातील संघर्ष मांडणारा चित्रप्रकार म्हणजे वेस्टर्न होय. घोडदौड, बंदुका व ओसाड माळराने ही त्याची बाह्य लक्षणे आहेत. परंतु हे चित्रपट स्मरणात राहतात ते गोळीबारापेक्षा गोळी सुटण्यापूर्वीच्या क्षणामुळे. त्या क्षणी कायदा की सूड, याचा निर्णय एका माणसाला करावा लागतो.

प्रतीक्षा आणि निर्णय :
फ्रेड झिनेमन दिग्दर्शित 'हाय नून' (१९५२) या चित्रपटाचा बहुतांश भाग दुपारच्या गाडीने येणाऱ्या गुंडाच्या प्रतीक्षेने व्यापला आहे. गावकरी मदत नाकारतात, तरीही मार्शल एकटा उभा राहतो. मात्र अखेरीस आपला बिल्ला धुळीत टाकून निघून जातो. जॉन फोर्ड यांच्या 'द सर्चर्स' (१९५६) मध्ये नायक पळवून नेलेल्या पुतणीचा अनेक वर्षे शोध घेतो. ती परकी झाली म्हणून तो तिला ठार करील, अशी भीती असतानाच तो तिला उचलून घेतो. दोन्ही ठिकाणी प्रभाव आहे तो निर्णयाचा.

'शोले'तील रूपांतर :
रमेश सिप्पी दिग्दर्शित 'शोले' (१५ ऑगस्ट १९७५) हे या परंपरेचे सर्वपरिचित भारतीय रूप होय. त्याचे बाह्यचित्रण मुख्यतः कर्नाटकातील रामनगर येथे, तर रेल्वेवरील दरोड्याचे चित्रण पनवेल परिसरात झाले. ठाकूर कुटुंबाच्या हत्याकांडावर सर्जिओ लिओनी यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या चित्रपटाची छाया स्पष्ट दिसते. दोन्हींत मुलावर बंदूक रोखली जाते आणि पुढच्याच दृश्यात रेल्वेगाडी येते. मुलाचा मृत्यू प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपविला जातो. 'शोले'त त्याआधी ऐकू येणारी झोपाळ्याची करकर ही भर मात्र घरगुती आहे. या चित्रपटाला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार संकलक एम. एस. शिंदे यांना लाभला, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते.

बदललेला शेवट :
मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलावा लागला. प्रदर्शित चित्रपटात पोलीस येऊन ठाकूरला रोखतात. म्हणजे वेस्टर्नचा मूळ प्रश्न येथे पात्राऐवजी शासनयंत्रणेने सोडविला. २०२५ मध्ये पुनरुज्जीवित प्रतीतून मूळ शेवट पडद्यावर आला.

निष्कर्ष :
दोन्ही शेवट वर्गात शेजारी ठेवून दाखविल्यास चित्रपट, कायदा व समाज यांचा संबंध विद्यार्थ्यांना सहज उमगू शकेल. कायद्यावरील विश्वास डळमळीत होतो तेव्हा प्रेक्षक सूडाला टाळ्या का देतो, हा प्रश्न वेस्टर्न चित्रपट अनुत्तरित ठेवतात. त्यांची स्मरणीयता त्या प्रश्नात आहे.