घाटाची वाट आणि फिरतें घर

श्रोत्यांपैकीं कोणी मोटारीवर बांधलेलें घर घेणार असेल, तर त्यानें बिछाने, चूल आणि पडदे मागाहून पाहावेत. आधीं नोंदणीपत्रांतील कमाल एकूण वजनाचा आंकडा वाचावा. त्यांतून सजावटीसह रिकाम्या गाडीचें वजन वजा केल्यावर जें उरतें, तेवढ्यांतच माणसें, सामान आणि पाणी बसवावयाचें असतें. १०० लिटर पाण्याचेच १०० किलो होतात.

मागें होडीची ट्रॉली जोडावयाची असेल, तर प्रश्न अधिक बिकट होतो. गाडीनें किती ओझें ओढावें हें निर्मात्यानें ठरविलेलें असतें. तें ओलांडूं नये. मालवण समुद्रकांठीं, तर आंबोली सुमारें ७०० मीटर उंचीवर. चढणीवर यंत्राचा दम कळतो. खरी कसोटी मात्र उतारावर. तेथें मागचें ओझें गाडीला पुढें रेटतें आणि सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊं लागतात. म्हणून खालच्या गिअरांत उतरावें, व जड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावेतच. ट्रॉलीच्या मागल्या टोंकास भार अधिक झाला, तर ती शेपटीसारखी हेलकावे खाते.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. पण तेवढ्यानें वाडीतले चिऱ्यांचे गडगे कांहीं मागें सरले नाहींत! लांब गाडी तेथें वळत नाहीं, उंच गाडी फणसाच्या फांदीला अडते. खाऱ्या वाऱ्यानें तळचा पत्रा गंजतो, तेव्हां जुनी गाडी घेतांना खालीं वाकून पाहावें. मुक्कामाला ती माडाखालीं उभी करूं नये; छत पातळ असतें.