दिसू न देता पाहण्याचा खेळ

कुरुंदवाडला समुद्र नाही. तो सह्याद्रीच्या पलीकडे. गावाला आहे तो कृष्णा-पंचगंगेचा शेजार. तरीही आधुनिक आरमारी युद्धावरील संगणकीय खेळ समजून घ्यायचा, तर सुरुवात येथून करणे सोयीचे. सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी कुरुंदवाडलाच आहे. शत्रूची पक्की बातमी काढायची, आपला मागमूस लागू द्यायचा नाही आणि त्याला सावरायला वेळ न देता तुटून पडायचे, ही त्यांची रीत. १६९५ मध्ये दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाची कोंडी झाली ती अशीच.

'नेव्हल वॉर : आर्क्टिक सर्कल' हा नॉर्वेतील टर्बो टेप गेम्सचा २०१२ मधील खेळ. यात बुद्धिबळासारखी आळीपाळीने खेळी नसते. घड्याळ चालू असते आणि दोन्ही आरमारे एकाच वेळी हालत असतात. पडद्यावर बहुतेक वेळ नकाशा आणि चिन्हेच दिसतात. तोफांचा धडधडाट पाहायला आलेला खेळाडू येथे कंटाळण्याचा संभव अधिक.

खरी मेख आहे रडारमध्ये. ते सुरू केले की दूरवरची जहाजे दिसू लागतात. पण आपल्या रडारच्या लहरी शत्रूची यंत्रे टिपतात आणि आपणच उघडे पडतो. अंधारात कंदील पेटवणाऱ्याला समोरचे थोडे दिसते, तो स्वतः मात्र साऱ्या रानाला दिसतो. पाण्याखाली सोनारचे तेच. म्हणून एखादे विमान दूर पाठवून त्याचेच रडार लावायचे आणि मुख्य जहाजे मुकी ठेवायची, असे डाव खेळाडूला रचावे लागतात. लॅरी बाँड यांच्या 'हार्पून'पासून या प्रकारच्या खेळांचा गाभा हाच राहिला आहे.

आपल्या नौदलाच्या इतिहासात याचा धडा १९७१ चा. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. या नौका मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या. बबरू भान यादव यांच्या नेतृत्वाखाली त्या थेट शत्रूच्या बंदरावर नेण्यात आल्या. पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर मारा करणे अवघड, म्हणून वेळ अंधाराची निवडली होती. निर्घातने सोडलेले क्षेपणास्त्र येताना 'खैबर' या विनाशिकेला दिसले, पण ते विमानच आहे असे समजून तिने विमानविरोधी तोफा डागल्या. आपल्यावर मारा कशाने झाला, हेच तिला उमगले नाही. खैबर बुडाली, पाठोपाठ 'मुहाफिज' हे सुरुंगशोधक जहाजही. नौदल दिन ४ डिसेंबरला साजरा होतो तो या मोहिमेमुळे.

पण ऐकणारा कान शत्रूलाही असतो. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात 'हंगोर' या पाणबुडीने 'खुकरी'ला टॉर्पेडोने बुडवले. संगणकावर अशा वेळी नकाशावरचे एक चिन्ह पुसले जाते आणि डाव नव्याने मांडता येतो. खुकरीवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवच्या किनाऱ्यावर खुकरीचे स्मारक आहे.