शेंकडों फायलींचें एका आज्ञेनें नामांतर

वर्गांत एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असले म्हणजे हजेरीच्या वेळीं कसा घोटाळा उडतो, हें आमच्या बालवाचकांस सांगावयास नको. संगणकांत सांठविलेल्या फायलींची गोष्ट याहून कठीण आहे. तेथें एका फोल्डरांत एकाच नांवाच्या दोन फायली राहूंच शकत नाहींत; एकीस जागा सोडावी लागते. यास्तव पुष्कळ फायलींचीं नांवें एकदम व निर्धोकपणें कशीं बदलावीं, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं तीनशें छायाचित्रें घेतलीं आहेत. कॅमेरा त्यांस बहुधा कांहीं ठराविक अक्षरें व चार आंकडे मिळून नांव देतो. त्यावरून कोणतें चित्र कशाचें, याचा बोध होत नाहीं. शिवाय हे आंकडे ९९९९ पर्यंत गेले कीं पुन्हां ०००१ पासून आरंभ होतो. एकेक नांव हातानें बदलण्यास अर्धें मिनिट धरलें, तरी तीनशें चित्रांस अडीच तास लागतील. लेखी आज्ञेनें हेंच काम क्षणांत होतें.

यूनिक्स नामक संगणकप्रणालीचें काम इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं आरंभिलें. तींत नांव बदलण्याची आज्ञा ‘एमव्ही’ या दोन रोमन अक्षरांची आहे व तिचा मूळ अर्थ ‘हलविणें’ असा आहे. हलविणें व नांव बदलणें यांस एकच आज्ञा कां, असें कोणी विचारील. कारण असें कीं, एकाच डिस्कवर असतां दोन्ही प्रसंगीं केवळ फोल्डरांतील नोंद बदलते. फायलींतील मजकुरास धक्का लागत नाहीं. हजेरीपटांत नांव दुरुस्त केलें म्हणून विद्यार्थी बदलत नाहीं, तसेंच हें होय.

अनेक फायलींचा एकदम निर्देश करण्यास कांहीं चिन्हें आहेत. तारका * म्हणजे कितीही अक्षरें; प्रश्नचिन्ह ? म्हणजे नेमकें एकच अक्षर. ‘*.जेपीईजी’ असें लिहिलें कीं त्या शेवटाच्या सर्व फायली आल्या. तेव्हां ‘एमव्ही *.जेपीईजी *.जेपीजी’ एवढें लिहिलें कीं काम झालें, असें नवशिक्यास वाटतें. परंतु येथेंच घात होतो. यूनिक्समध्यें आज्ञा वाचणारा ‘शेल’ नांवाचा कार्यक्रम तारकेच्या जागीं खरीं नांवें अगोदरच भरतो आणि मग ती यादी ‘एमव्ही’च्या हातीं देतो. नांवें पुष्कळ असलीं तर बहुधा आज्ञाच नाकारली जाते. परंतु दोन्ही प्रकारची एकेकच फाइल असली, तर पहिली दुसरीच्या जागीं जाऊन बसते व दुसरी कायमची नष्ट होते. ‘एमव्ही’ सहसा विचारीत नाहीं आणि गेलेली फाइल कचऱ्याच्या टोपलींतही सांपडत नाहीं. विंडोजमधील ‘रेन’ आज्ञा मात्र चिन्हांचा अर्थ स्वतः लावते. म्हणून तेथें असेंच वाक्य चालतें.

यूनिक्सच्या वंशांतील प्रणालींवर यासाठीं ‘रिनेम’ नांवाचें साधन वापरतात. त्याचा एक प्रकार पर्ल भाषेंत लिहिलेला आहे. ही भाषा लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. या साधनास नियम द्यावा लागतो: ‘अमुक मजकूर आढळल्यास त्या जागीं तमुक घाल.’ हा नियम ज्या सांकेतिक लिपींत लिहितात, तिचा पाया स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाच्या १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत आहे. येथें चिन्हांचे अर्थ बदलतात, हें ध्यानांत ठेवावें. टिंब म्हणजे कोणतेंही एक अक्षर. खरेंच टिंब हवें असेल तर त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. $ हें चिन्ह नांवाचा शेवट दाखवितें.

आतां तीन सूचना. पहिली, मूळ फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. दुसरी, पर्लच्या ‘रिनेम’ला ‘-एन’ जोडून आधीं रंगीत तालीम करावी. मग तें कांहीं न बदलतां, काय बदलेल एवढेंच दाखवितें. पुष्कळ ठिकाणीं ‘एमव्ही’ला हेंच अक्षर जोडल्यास मात्र निराळा अर्थ होतो: असलेल्या फायलीवर दुसरी बसवूं नको. तिसरी, क्रमांक ००१, ००२ असे सारख्या लांबीचे द्यावे. नाहीं तर अक्षरानुक्रमांत १० हा २ च्या आधीं येतो.

घरोघरीं आज आजीआजोबांचीं छायाचित्रें संगणकांत सांठविलीं जात आहेत. त्यांतील एकही चित्र नांव बदलतांना हरवूं नये, अशी आमची इच्छा आहे. यास्तव विद्यार्थ्यांनीं प्रथम पांच फायलींच्या प्रतींवर हात बसवावा आणि मगच घरच्या संग्रहास हात घालावा.