क्लिपबोर्डवरचा मजकूर
संगणकावर कॉपी केलेल्या मजकुराची नक्कल क्लिपबोर्ड नामक ज्या तात्पुरत्या जागी दाखल होते, ती जागा मुळात एकच नोंद बाळगते आणि दुसरी आली की पहिली बिनबोभाट नाहीशी होते. ‘या घटकेस तेथे जे असेल ते जसेच्या तसे चिकटवा’ हा मित्रमंडळींतील खेळ वरकरणी निरुपद्रवीच. कोणाचा रेल्वेचा पीएनआर क्रमांक, तर कोणाचे घरमालकास लिहिलेले अर्धवट तक्रारपत्र बाहेर पडते आणि हशा पिकतो. परंतु बँकेचा पासवर्डही त्याच जागी, बहुधा साध्या अक्षरांत, पडून असतो आणि संगणकावर चालू असलेला इतर प्रोग्रॅम तो सहसा मालकाच्या परवानगीवाचून वाचू शकतो. आयफोनवर २०२० साली आलेल्या आयओएस १४ ने अशा वाचनाची वर्दी पडद्यावर देण्यास आरंभ केला, तेव्हा कित्येक नामांकित ॲपांची ही चोरटी (दुसरा शब्द सुचत नाही) सवय उघडकीस आली. विंडोजमध्ये २०१८ पासून क्लिपबोर्डचा इतिहास राखण्याची सोय असून, ती चालू केली असल्यास विंडोज व व्ही या कळा एकत्र दाबताच मागील पंचवीसपर्यंत नोंदी समोर येतात. सबब, खेळापूर्वी एखादा निरर्थक शब्द कॉपी करून भागत नाही, ते दप्तरही तेथूनच पुसावे लागते.